पोट झाकून घेतलेलं ऊन

कार्निव्हलच्या आधीचा शनिवार, आणि आमच्या बांगू वस्तीत ऊन असं पडलेलं की गाड्यांखाली झोपलेली कुत्री हाक मारली तरी बाहेर यायला तयार नव्हती. आणि अशा उन्हात आपली ग्लेसियान कुठे निघाली होती माहितीये? लिंदाल्वामावशीच्या स्लॅबवर! भाजून घ्यायला! म्हणजे रापायला हो, दरवर्षी सगळ्याच जातात तशी. खांद्यावर टॉवेल, पिशवीत पाण्याची बाटली, आणि पोटात चौथा महिना सरत आलेला.

हे शेवटचं कुणालाच माहीत नव्हतं. वाल्दिनेईला होतं, नवराच तो, पण त्याला तिने आईची शपथ घातली होती. बिचारा पाण्याचे जार पोचवायला मोटारसायकलवरून गावभर हिंडायचा आणि ओठ घट्ट मिटून ठेवायचा, इतके घट्ट की लोकांना वाटायचं याची दाढ दुखतेय.

शपथ का, तर गेल्या वर्षीमुळे. गेल्या वर्षी तिसरा महिना लागला आणि ग्लेसियानला इतका आनंद झाला, इतका, की तिने बेकरीच्या काउंटरवरून अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. पाव पिशवीत भरता भरता सांगायची. "गरम आहेत, सांभाळून, आणि हो, मला बाळ होणारे!" आठवड्याभरात सगळं संपलं. आणि मग त्याच काउंटरवर उभं राहून एकेकाला उलटं सांगायची पाळी आली. लोक हसत हसत यायचे, "काय म्हणतंय बाळ?" ती म्हणायची, "गेलं." की समोरच्याचा चेहरा असा पडायचा, असा पडायचा, की हीच त्यांची समजूत घालत बसायची. महिनाभर हे चाललं. तेव्हाच तिने ठरवलं होतं, पुढच्या वेळी पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. सांगितलं की जातं, असं काहीतरी तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. वेडेपणा आहे हे तिलाही कळत होतं. पण कळून काय होतं?

आता अडचण होती सुएलेनची. सुएलेन म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण, एका बाकावरची, आणि नाक असं तिखट की तुम्ही सकाळी काय खाल्लंत ते संध्याकाळी सांगेल. कार्निव्हलच्या आधी दोघींनी मिळून स्लॅबवर जायचं, अंगावर पट्ट्यांच्या खुणा उठवायच्या, आणि मग गल्लीच्या पथकात खांद्यावरची ती फिकट रेघ सगळ्यांना दिसेल असं नाचायचं, हा त्यांचा कायदा. "यंदा मी येत नाही," एवढं जरी ग्लेसियान म्हणाली असती तरी सुएलेनने कंबरेवर हात ठेवून विचारलं असतं, "कितवा?"

म्हणून बाईसाहेबांनी आदल्या दिवशी फोन काढला आणि शोधलं. गरोदरपणात उन्हात रापलेलं चालतं का. एकाने लिहिलेलं, थोडं चालतं. दुसऱ्याने लिहिलेलं, अजिबात नाही. तिसरा म्हणे डॉक्टरांना विचारा. आणि कुठल्याशा गप्पांच्या पानावर कुणी एक बाई लिहून गेलेली, ‘मी दोन्ही वेळेला घेतलं, फक्त पोट झाकून घेतलं, पोरं ठणठणीत आहेत.’ झालं! आपल्याला हवं ते जो लिहितो तोच आपला डॉक्टर. ग्लेसियानने फोन बंद केला, कपाटातला सगळ्यात जाड टॉवेल काढला आणि निवांत झोपली.

लिंदाल्वामावशीची गच्ची तिसऱ्या मजल्यावर. शेवटचा जिना लोखंडी, गोल गोल वर जाणारा, इतका अरुंद की जाडी माणसं तिरकी होऊन चढतात. वर पांढरा रंग दिलेला स्लॅब, त्यावर ओळीने चटया, एका कोपऱ्यात पाण्याची निळी टाकी, तिला लांब नळी, आणि नळीपेक्षा लांब मावशीची जीभ. मावशी पन्नाशीची, डोक्यावर गवती टोपी, आणि मनगटात बांगड्यांसारखी चिकटपट्टीची रिळं. तीच हो, वायरमन वापरतात ती पट्टी. बाई समोर हात पसरून उभी राहिली की मावशी दातांनी पट्टी तोडणार आणि थेट अंगावर बिकिनी चिकटवत जाणार, अशी सरळ रेघ की गवंड्याने ओळंबा लावून बघावं. आणि चिकटवता चिकटवता प्रश्न विचारणार. सगळ्यांसमोर, मोठ्यांदा, एकीलाही सूट नाही.

"कालपासून लिंबाला हात लावलायस?"

"नाही, मावशी."

"खरं सांग हं. मागे एकीने लिंबाची दारू पिऊन हात न धुता ऊन घेतलं, बोटांएवढे फोड आले. तोंडाला कसलं मलम चालू आहे?"

"नाही."

"दिवस गेलेत?"

"नाही."

इतक्या पटकन म्हणाली ग्लेसियान, की तिची तिलाच भीती वाटली.

मावशीने तिच्या पोटाला चिमटा काढला. "मग हे काय? बेकरीतले गोड पाव?"

"उरतात ना संध्याकाळी," ग्लेसियान म्हणाली. "टाकवत नाहीत."

"आमच्याकडे का नाही देत उरलेले?" रोझिल्दा चटईवरून ओरडली. रोझिल्दा म्हणजे तीन पोरांची आई, जाड चष्मा, आणि पोरांना सासूकडे टाकून आली होती म्हणून त्या दिवशी तिचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा. तिच्या पलीकडे दोघी बहिणी पडलेल्या, बेकरीच्या मागे राहणाऱ्या, त्या एरवीही फारशा बोलत नाहीत आणि उन्हात तर मुळीच नाही. आणि सुएलेन हिरव्या पट्ट्या लावून, वरून रापायचं गाजराचं मलम चोळून केव्हाच तयार, कुठल्यातरी राणीसारखी.

ग्लेसियान आपल्या चटईवर उताणी पडली. आणि टाकीत टॉवेल बुडवून, पिळून, तिने तो चौघडी करून पोटावर ठेवला.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. म्हणजे बघा, रापायला येऊन पोट झाकायचं म्हणजे न्हाव्याकडे जाऊन डोक्याला रुमाल बांधून बसण्यासारखं आहे.

"हे काय नवीन?" सुएलेन कोपरावर उठली.

"भाजलंय. तेल उडालं. वडे तळत होते."

"तू? वडे?" सुएलेन. "तुझ्या घरात गॅस वाल्दिनेई पेटवतो. तुला काडेपेटी कुठे ठेवलीय ते तरी माहितीये का?"

"म्हणून तर भाजलं ना!"

हसल्या सगळ्या, आणि निभावलं. ग्लेसियानला वाटलं, सुटले. तिचा हिशेब असा, की ऊन पोटातून आत शिरतं, मध्ये टॉवेल घातला की शिरत नाही, मग बाकीचं अंग भाजलं तर भाजू दे.

आणखी एक भानगड होती. संडास होता थेट तळमजल्यावर. या दिवसांत बाईला किती वेळा जायला लागतं ते तुम्हाला सांगायला नको. तो गोल जिना चारदा उतरले आणि चढले तर सुएलेन सोडेल? म्हणून तिने पाणीच प्यायचं नाही असं ठरवलं. बाटली आणली होती ती शोभेला. मावशी बर्फ घातलेला माटेच्या पानांचा चहा घेऊन फिरली, "घ्या गं, सुकून जाल," तर ही म्हणाली, "नंतर." पुन्हा फिरली, पुन्हा "नंतर."

वरून ऊन, खालून तापलेला स्लॅब. चटई असली म्हणून काय, तवा तो तवा. पोटावरचा गार टॉवेल बघता बघता कोमट झाला, मग गरम, मग असा की शेकायला ठेवलाय. गाणी वाजत होती, रोझिल्दा सासूची नक्कल करत होती, मावशी नळीने सगळ्यांच्या पायांवर पाणी मारत होती आणि पाणी स्लॅबवर पडताच नाहीसं होत होतं. ग्लेसियानच्या कानात हळूहळू दुसरंच काहीतरी वाजायला लागलं, भुंग्यासारखं. जीभ टाळूला चिकटली. तिला वाटलं, आता उठावं. मग वाटलं, उठले तर विचारतील. अजून थोडं.

तेवढ्यात मावशीचा गजर वाजला. आणि मावशी दरवेळी ओरडते तशी ओरडली, "पालथ्या व्हा, पोरींनो! पुढची बाजू झाली!"

सगळ्या एका झटक्यात उलट्या. एक, दोन, तीन, चार पाठी. आणि ग्लेसियान तशीच उताणी.

कारण पालथं पडायचं म्हणजे पोटावर पडायचं. याचा विचारच तिने केला नव्हता! उन्हाचा केला, टॉवेलचा केला, तेलाचा केला, संडासाचासुद्धा केला, आणि आयुष्यात जितक्या वेळा इथे आली तितक्या वेळा मध्येच पालथी झालेली बाई हेच विसरली. गरोदर बाई झोपेत पालथी झाली तरी बाळाला काही होत नाही, हे आता तिला माहितीये. पण तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आलं ते असं की तो कडक तापलेला स्लॅब आणि त्यावर दाबलेलं तिचं पोट.

"ग्लेसी, बहिरी झालीस का? पालथी हो," मावशी म्हणाली.

ती उठून बसायला गेली. आणि सगळं पांढरं झालं. टाकी निळी होती ती पांढरी झाली, सुएलेनच्या हिरव्या पट्ट्या पांढऱ्या झाल्या, आणि ती आडवीच सुएलेनच्या अंगावर कोसळली. डोळे मिटायच्या आधी तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाळ."

मावशीने आधी गाणी बंद केली. मग गवती टोपी काढून ग्लेसियानच्या तोंडावर सावली धरली, आणि नळी उलटी फिरवून तिच्या मानेवर, मनगटांवर पाणी सोडलं. "पाय वर करा तिचे! रोझिल्दा, पाय!" तोवर सुएलेनने ग्लेसियानचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिला रडावं की शिव्या द्याव्यात ते कळत नव्हतं, म्हणून ती दोन्ही करत होती. "मूर्ख! गाढव! ग्लेसी, डोळे उघड, तुझ्या पाया पडते, डोळे उघड."

उघडले तिने डोळे. पहिलं काय म्हणाली? "त्याला काही झालं का?"

"दवाखाना उघडा आहे का आज?" मावशीने विचारलं.

"दुपारपर्यंत असतो," दोघी बहिणींपैकी एक म्हणाली, आणि त्या दिवशीचं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

मग काय बघताय! प्लास्टिकच्या खुर्चीत ग्लेसियानला बसवलं, दोघी पुढे, दोघी मागे, आणि त्या गोल जिन्यावरून खुर्ची खाली. जिथे एकटं माणूस तिरकं होऊन जातं तिथून पाचजणी आणि एक खुर्ची. कसं उतरवलं ते त्यांनाही सांगता येत नाही. अंगावर पट्ट्यांच्या चोळ्या, खाली मिळेल ती चड्डी-परकर, वरून टॉवेल. मावशी सगळ्यांत पुढे, जिन्याला दम देत, "सरक! सरक!" जसा काही जिनाच ऐकणार होता.

रस्त्यावर गाडी? शनिवारच्या उन्हात? एकही नाही. फक्त अंडीवाल्याचा टेम्पो, भोंगा लावलेला. मावशी हात पसरून त्याच्यासमोर उभी राहिली. अंडीवाला बिचारा काय बोलणार, एवढ्या पट्ट्या गुंडाळलेल्या बाया एकदम गाडीसमोर! मागे अंड्यांच्या ट्रेमध्ये जागा करून सगळ्या चढल्या. भोंगा बंदच होईना, बटण म्हणे आठवड्यापासून अडकलंय. त्यामुळे अख्ख्या रस्त्याने "ताजी अंडी, मोठी अंडी, ताई या, मावशी या" असं ओरडत ग्लेसियान दवाखान्यात पोचली. एरवी ती पोट धरून हसली असती. त्या दिवशी पोट धरलं होतं, पण हसत नव्हती. दोन्ही हात पोटावर आणि ओठ हलत होते. काय म्हणत होती ते सुएलेनला जवळ बसून ऐकू आलं. "मी सांगितलं नव्हतं रे कुणाला. या वेळी सांगितलं नव्हतं."

दवाखान्याच्या दाराशी पहारेकरी आडवा आला. "बायांनो, हा काय समुद्रकिनारा आहे?"

"असता तर तुला कशाला बघितलं असतं," रोझिल्दा म्हणाली आणि खुर्चीसकट आत घुसली.

नर्स इवोनी बाहेर आली. उंच, शांत, चालताना चपलांचा आवाज न करणारी. तिने ओळीने सगळ्यांकडे बघितलं, हिरव्या पट्ट्या, काळ्या पट्ट्या, पुढून तांबूस, मागून फिक्या. "पेशंट कोण?" ती म्हणाली. "का सगळ्याच?"

ग्लेसियानला आत नेलं. सोबत एकीलाच परवानगी, तर मावशी गेली. नर्सने रक्तदाब घेतला, ताप बघितला, मीठ-साखरेचं पाणी दिलं, घोटघोट. "कितवा महिना?" "चौथा संपतोय." "रक्त गेलं का? पोटात कळ?" "नाही." "बरं. आडवी हो. ऐकून बघू."

पोटावर गार मलम लावलं आणि ते छोटं यंत्र फिरवायला लागली. खरखर. नुसती खरखर. जरा डावीकडे, खरखर. जरा खाली. खरखर.

ग्लेसियान छताकडे बघत होती. गेल्या वर्षीसुद्धा असंच झालं होतं. तेव्हाच्या डॉक्टरनेही असंच यंत्र फिरवलं होतं, आणि फिरवता फिरवता बोलणं बंद केलं होतं. मावशीचा हात तिच्या हातात होता.

मग एक आवाज आला. ठक्. ठक्. ठक्.

"आलं!" मावशी ओरडली.

"हे हिचे स्वतःचे ठोके," नर्स म्हणाली. "थांबा."

आणि यंत्र जरासं तिरकं केलं, अगदी जरासं, आणि खोली भरून गेली. धडधडधडधडधड. लगाम सोडलेल्या घोड्यासारखं, कुणाची वाट न बघणारं, घाईत असलेलं.

"हे याचे," नर्स म्हणाली. "छान आहेत. भरपूर आहेत."

ग्लेसियानच्या डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. मावशी मात्र गुडघ्यांवर खाली बसली, गवती टोपी छातीशी धरून, आणि म्हणत राहिली, "उपकार झाले. उपकार झाले." देवाला म्हणत होती, नर्सला म्हणत होती, का त्या यंत्राला, कुणास ठाऊक. बाहेर दाराला कान लावून उभी असलेली सुएलेन ओरडली, "तो आवाज कसला? चांगला आहे का वाईट? कुणीतरी सांगा गं!" तेव्हा नर्सनेच दार उघडून तिला आत घेतलं.

"आता मला सांग," नर्स ग्लेसियानला म्हणाली, "पोट कशाला झाकलं होतंस?"

"ऊन आत जाऊ नये म्हणून."

नर्स हसली नाही, हे ग्लेसियान अजून सांगते. "ऊन आत जातच नाही गं. ते तुझ्या कातडीपाशीच थांबतं. आत पोचते ती उष्णता. तू तापलीस की ते तापतं, आणि त्याला काही उठून सावलीत जाता येत नाही. त्यात तू पाणी प्यायली नाहीस. सुरुवातीच्या महिन्यांत तर अंग फार तापू देणं मुळीच बरं नाही. एकदा चक्कर आली म्हणून सगळं बिघडतं असं नाही, आत्ता ऐकलंस ना तूच. पण स्लॅब बंद. ते उन्हाचे दिवे लावलेले पलंग असतात तेही बंद. सकाळच्या कोवळ्या उन्हात टोपी घालून चाल, पाणी पी, आणि काही शंका आली तर फोनला विचारू नकोस, इथे ये."

"मी तर सगळ्यांना विचारते हो," मावशी काकुळतीने म्हणाली. "पण मला वाटायचं, या दिवसांत तोंडावर डाग उठतात, पोटावर काळी रेघ येते, ती उन्हाने गडद होते, म्हणून नको. एवढंच वाटायचं."

"तेही खरंच आहे. डाग गडद होतातच."

"आणि ते फवाऱ्याने रंग मारतात, ऊन न घेता? माझ्याकडे विचारतात बाया."

"त्याने अंग तापत नाही. पण तो फवारा नाकातोंडात जातो, आणि गरोदर बाईवर कुणी नीट तपासून बघितलेलं नाही. मी म्हणते, बाळ होईपर्यंत आहे त्या रंगात राहावं. वाईट आहे का रंग?"

"मावशी," ग्लेसियान म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलले."

"बोललीस. आणि तोंडावर बोललीस." मावशीने डोळे पुसले. "दुसरी कुणी असती तर नळीने झोडलं असतं. आता गप पड आणि ते पाणी संपव, नाहीतर अजूनही झोडीन."

सुएलेन पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, हाताची घडी घालून. "शाळेत उवा झाल्या तेव्हा पहिलं मला सांगितलंस," ती म्हणाली. "आणि हे नाही?"

"सांगितलं की जातं."

"काय जातं?"

"गेल्या वेळी सांगितलं. आणि गेलं."

सुएलेनची घडी सुटली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि ग्लेसियानच्या पायांचे तळवे चोळायला लागली. मग म्हणाली, "बरं. मग मला काही माहीत नाही. मी आत आलेच नाही. एका मैत्रिणीला उन्हाने चक्कर आली, तिला घेऊन आलो, पाणी पाजलं, घरी आणलं. एवढंच. बाहेर त्या तिघींनाही तेच माहीत आहे. मावशी?"

"मी तर स्लॅबवरच आहे," मावशी म्हणाली. "इथे आलेच कधी?"

ग्लेसियानला वर्षभर ज्याची भीती होती ते काय होतं, तर लोकांचे चेहरे. पडलेले, बिचारी-बिचारी म्हणणारे. आणि आज समोर होते हे चेहरे, घामाने आणि मलमाने चकाकणारे, अर्ध्या रंगाचे, आणि एकाही चेहऱ्यावर बिचारी नव्हतं. तिच्यासाठी जिना उतरले होते, अंड्यांत बसले होते, आणि आता तिच्यासाठी खोटंही बोलायला तयार होते. "थँक्यू" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती नुसती हुंदक्याची उचकी. "राहू दे," सुएलेन म्हणाली, "कळलं."

दवाखाना बंद व्हायची वेळ झाली. अंडीवाला केव्हाच गेला होता. घर काही फार लांब नव्हतं, पण वाटेत सावली म्हणाल तर विजेच्या तारांची, तेवढीच. नर्सने बजावलं होतं, डोक्यावर ऊन घ्यायचं नाही.

बाहेर बाकावर रोझिल्दा आणि त्या दोघी. सुएलेनने नुसती मान हलवली, बरं आहे म्हणून, आणि तिघींनी एकदम श्वास सोडला. कुणी प्रश्न विचारला नाही. रोझिल्दाने बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं, ग्लेसियानकडे बघितलं, आणि अंगाभोवतीचा टॉवेल सोडला.

"अगं, पट्ट्यांवर जाणार?" मावशी म्हणाली.

"कार्निव्हल आलाच आहे," रोझिल्दा म्हणाली. "समजू दे लवकर आला."

मग दोघी बहिणींनी सोडले, सुएलेनने सोडला. चार टॉवेल, चार कोपरे धरून, एकात एक अडकवून ग्लेसियानच्या डोक्यावर. मावशी पुढे, रस्ता मोकळा करत. आणि निघाली ही वरात. आत सावली, सावलीत ग्लेसियान, हातात बाटली. बाहेर सगळ्या रणरणत्या उन्हात, हात वर करून, पाठी उघड्या.

"मावशी," सुएलेन म्हणाली, "आमच्या पाठी राहिल्या हो. पुढून कार्निव्हल, मागून शाळेचा युनिफॉर्म."

"मग हळू चाला! घर येईपर्यंत पाठीही होऊन जातील!"

ग्लेसियान आतून हसली. अशी हसली की टॉवेल हलले. तिला वाटत होतं, हा रस्ता संपूच नये. आजूबाजूला चार घामेजलेली कोपरं, खोबरेल आणि गाजराच्या मलमाचा वास, आणि एकीचा हात दुखला की दुसरी न बोलता तिचा कोपरा धरत होती.

कोपऱ्यावरच्या घराची खिडकी उघडली. दोना अल्झिराने डोकं बाहेर काढलं, म्हातारी, बेकरीत रोज पहिली येणारी. "अगं बायांनो! हे काय सोंग? आत कोण आहे? कुणी आजारी आहे का?"

सगळ्या थांबल्या. रोझिल्दा आकाशाकडे बघायला लागली. बहिणी एकमेकींकडे. सुएलेनने तोंड उघडलं, "काही नाही हो, उन्हाने चक्कर..."

ग्लेसियानने टॉवेलची कड वर उचलली.

"मी आहे, दोना अल्झिरा," ती म्हणाली. "मला बाळ होणारे. जुलैमध्ये."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. तिलाही गेल्या वर्षीचं सगळं आठवत होतं, तिच्या चेहऱ्यावर ते आलं आणि तिने ते तिथल्या तिथे गिळलं.

"मग रस्त्यात काय उभं केलंय तिला!" ती ओरडली, आणि आत दाराची कडी खडखडली. "आणा तिला आत. पंखा चालू आहे. आणि तुम्ही सगळ्या पण या, काहीतरी घाला अंगात, समोर माझा नातू जेवतोय!"